वशिल्याचे कॅप्टन आणि लाकडी पायाचे खलाशी: ती इंग्रजी व्यंगचित्रं किती खरी?

तुम्ही विचारलंय की १८०० च्या आसपासच्या इंग्रजी व्यंगचित्रांत एकीकडे मोठ्या घरातला कोवळा पोरगा ऑफिसरच्या युनिफॉर्ममध्ये आणि दुसरीकडे लाकडी पायाचा म्हातारा खलाशी दाखवतात, ते खरं होतं की चित्रकार वाढवून दाखवायचे. माझं मत सांगतो. नेव्हीत वशिला चालायचा आणि जखमी माणसांची आबाळ व्हायची हे खरंच होतं. पण एखाद्या चित्रात ज्याला झोडपलंय तोच दोषी, असं मात्र धरून चालू नका.

सगळ्यात मोठा पुरावा चित्रात नाही, पार्लमेंटमध्ये मिळतो. नेपोलियनशी लढाई चालू असताना लॉर्ड कॉक्रेन नावाचा नेव्हीचा कॅप्टन, जो खासदारही होता, त्याने सरकारी पेन्शनची यादीच सभागृहात मांडली आणि सरळ हिशोब केला. आयुष्यभर राबून थकलेल्या अ‍ॅडमिरलला वर्षाला ४१० पौंड, कॅप्टनला २१०, आणि नेव्हीच्या तिकीट ऑफिसमधला (म्हणजे खलाशांच्या पगाराच्या चिठ्ठ्या बघणाऱ्या कचेरीतला) क्लार्क रिटायर झाला की त्याला ७००! लढाईत दोन्ही पाय गेलेल्या लेफ्टनंट चेंबर्सला जे मिळायचं त्या दराने वेलस्ली घराण्याची सरकारी कमाई म्हणजे लेफ्टनंटच्या पायांच्या ४२६ जोड्या, आणि हात गमावलेल्या कॅप्टनच्या पेन्शनच्या दराने, काहीही काम नसलेल्या पदावर बसलेल्या एकट्या लॉर्ड आर्डनचं उत्पन्न म्हणजे १,०२२ कॅप्टनांचे हात. (हे वेलस्ली म्हणजे तेच, ज्यांच्यातल्या आर्थरने १८०३ मध्ये आपल्या असईला मराठी फौजेशी लढाई केली.) हे आकडे वाचून मला अजूनही चीड येते, कुठलंही व्यंगचित्र यापेक्षा कडक असूच शकत नाही.

आता हाच कॉक्रेन लहान असताना त्याच्या काकाने त्याचं नाव जहाजांच्या हजेरीपटावर घालून ठेवलं होतं, म्हणजे पोरगा घरी आणि कागदावर मात्र समुद्रावरची नोकरी चालू. कारण लेफ्टनंटच्या परीक्षेला बसायला सहा वर्षांची नोकरी दाखवावी लागायची आणि ज्यांच्या ओळखी होत्या ते ती अशी दाखवायचे. म्हणजे जो माणूस या पद्धतीवर तुटून पडला तोही त्यातूनच वर आलेला, इतकं ते सर्रास होतं. अ‍ॅडमिरल रॉडनीने तर १७८० मध्ये स्वतःच्या १५ वर्षांच्या मुलाला कॅप्टन करून टाकलं. एकदा कॅप्टनांच्या यादीत नाव लागलं की पुढचं प्रमोशन सिनिऑरिटीने, त्यामुळे लवकर आत घुसलेला कायम पुढे आणि वीस वर्षं लढलेला पण कोणी गॉडफादर नसलेला लेफ्टनंट तिथेच.

म्हाताऱ्या खलाशांचं म्हणाल तर लंडनजवळचं ग्रीनिचचं हॉस्पिटल (म्हणजे म्हाताऱ्या आणि जखमी खलाशांना ठेवायची जागा) त्यांच्यासाठीच होतं, आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की त्यासाठी खलाशांच्याच पगारातून महिन्याला सहा पेन्स कापले जायचे. असं असताना तिथला लेफ्टनंट गव्हर्नर कॅप्टन बेली याने १७७८ मध्ये छापून जाहीर केलं की नौदलमंत्री लॉर्ड सँडविचने तिथल्या जागांवर कधी समुद्र न पाहिलेले आपले राजकीय लोक भरलेत, खलाशांना मटण वाईट मिळतं, बिअरमध्ये पाणी असतं. झालं काय, तर बेलीवरच बदनामीचा खटला! थॉमस अर्स्किन नावाचा नवा वकील, जो स्वतः पूर्वी नेव्हीत होता, त्याने पहिल्याच केसमध्ये सँडविचचं नाव भर कोर्टात घेऊन बाजू मांडली आणि खटला फेटाळला गेला, तरी बेलीची नोकरी गेली ती गेलीच.

आता चित्रांवर सांभाळून विश्वास का ठेवायचा ते सांगतो. गिलरे या त्या काळच्या इंग्रज व्यंगचित्रकाराचं १७९६ चं एक प्रसिद्ध चित्र आहे, लंडनच्या कॉन्ड्युइट स्ट्रीटवर तरणाबांड लॉर्ड कॅमेलफोर्ड छडीने कॅप्टन व्हँकुव्हरला बदडतोय आणि व्हँकुव्हर "खून! खून!" ओरडतोय. चित्रात व्हँकुव्हर जाडा, भित्रा आणि जुलमी दिसतो. प्रत्यक्षात या माणसाने चार वर्षांहून जास्त काळ खपून अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याचे नकाशे केलेले. कॅमेलफोर्डला त्याने जहाजावर फटक्यांची शिक्षा दिली होती आणि शेवटी काढून टाकलं होतं, हे खरं, आणि व्हँकुव्हर शिस्तीला फार कडक होता हेही खरं, पण कॅमेलफोर्ड पंतप्रधान पिटच्या भाऊबंदांतला, त्याचा मेव्हणा परराष्ट्रमंत्री. लोक हसले ते थकून आलेल्या कॅप्टनला. तो १७९८ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेला, आणि त्याच वर्षी कॅमेलफोर्डने अँटिग्वात हुकूम मानला नाही म्हणून एका लेफ्टनंटला गोळी घालून मारलं आणि कोर्ट मार्शलमधून निर्दोष सुटला.

१८१५ ला युद्ध संपल्यावर नेव्ही एकदम आटली, सुमारे १,४०,००० माणसांवरून दोनेक वर्षांत २०,००० च्या आसपास, आणि बहुतेक ऑफिसर अर्ध्या पगारावर घरी बसले. त्या काळातली चित्रं नक्की बघा. खासकरून व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकची १८२० ची मास्टर ब्लॉकहेड नावाच्या मिडशिपमनची (म्हणजे शिकाऊ ऑफिसरची) मालिका, कारण त्याची मूळ कल्पना मॅरियट या नेव्हीच्या कॅप्टनचीच होती, त्याने ते आयुष्य आतून पाहिलेलं.

ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर यातली बरीच चित्रं फुकट बघता येतात आणि प्रत्येकाखाली माहिती असते. झूम करून चित्रातले कागद, दुकानाच्या पाट्या, खिशातून डोकावणाऱ्या चिठ्ठ्या वाचा, खरी टीका तिथेच लिहिलेली असते. व्हँकुव्हरच्या त्या चित्रात तर त्याच्या खिशातून प्रवासात अपमान केलेल्या लोकांची अख्खी यादी लोंबतेय.