खारे दव आणि पॉलिमर इन्सुलेटर

प्रश्न (एक आंबा बागायतदार, देवगड) : आषाढातल्या मुसळधार पावसात बागेवरची ३३ केव्हीची जुनी लाइन टिकते; पौषातल्या पहाटे मात्र चिनीमातीच्या इन्सुलेटरवर (तार खांबापासून अलग ठेवणाऱ्या आधारावर) चरचर ऐकू येते आणि लाइन ट्रिप होते. असे का?

उत्तर : कोरड्या मिठातून वीज वाहत नाही, ओल्या मिठातून वाहते. पावसाळा सरला की खारा वारा इन्सुलेटरवर मीठ आणून ठेवतो, त्यावर चिरेखाणींची तांबडी धूळ बसते. मोठा पाऊस हा थर धुऊन नेतो. दव त्याला नुसते भिजवते. मग गळतीचा प्रवाह सुरू होतो, थर जागोजागी तापून सुकतो आणि जवळजवळ सगळा विद्युतदाब (व्होल्टेज) त्या बोटभर कोरड्या पट्ट्यावर येऊन ठिणगी उडते. चरचर तिचीच. अशा ठिणग्या एकमेकींना जोडल्या गेल्या की फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे वीज इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून थेट खांबाकडे झेपावते आणि लाइन ट्रिप होते.

प्रश्न (एक वाचक, वेंगुर्ले) : पॉलिमरचे, म्हणजे सिलिकॉन रबराचे, इन्सुलेटर बसवले की ही काळजी मिटते का?

उत्तर : पुष्कळ कमी होते, मिटत नाही. सिलिकॉन रबरावर पाणी अळवाच्या पानावरल्यासारखे थेंबाथेंबांनी राहते, त्यामुळे प्रवाहाला सलग वाट मिळत नाही. त्याहून मोलाचे असे, की रबरातले हलके सिलिकॉन रेणू वर येऊन मिठाच्या थरातही मुरतात आणि बाहेरून आलेली ती घाणसुद्धा पाणी झटकू लागते. चिनीमातीला हे साधत नाही. मात्र ओल दिवसेंदिवस हटली नाही, किंवा ठिणग्या पृष्ठभाग भाजत राहिल्या, तर हा गुण काही काळ हरपतो आणि कोरडी उसंत मिळाल्यावर काही तासांत किंवा दिवसांत परततो. खरा धोका या मधल्या काळात असतो. म्हणूनच रबराच्या भरवशावर किनाऱ्यालगत गळती-अंतर (इन्सुलेटरच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पृष्ठभागावरून मोजलेली वाट) कमी करणे मला मुळीच मान्य नाही. अतितीव्र प्रदूषणासाठी आयईसी ६०८१५ या आंतरराष्ट्रीय मानकात फेज (वीज वाहणारी तार) ते जमीन दाबाच्या दर किलोव्होल्टला ५३.७ मिलिमीटर अंतर धरले आहे. ३३ केव्हीच्या लाइनचा कमाल दाब ३६ केव्ही, म्हणजे फेज ते जमीन सुमारे २०.८ केव्ही (३६ ÷ √३) धरला, तर ते सुमारे १,११६ मिलिमीटर होते.

प्रश्न (लाइनवर काम करणारा शिकाऊ उमेदवार, रत्नागिरी) : पॉलिमर इन्सुलेटर खराब झाला हे कसे ओळखावे?

उत्तर : नुसता मळला किंवा फिकटला म्हणून बदलू नये. छत्र्यांवर (इन्सुलेटरच्या गोल रबरी पाळ्यांवर) जळाल्यासारख्या काळ्या रेघा, खड्डे, धातूच्या टोपीशी सुटलेले रबर, हे पाहावे. आतला फायबरग्लासचा दांडा उघडा पडला असेल तर इन्सुलेटर त्याच दिवशी बदलावा, कारण ओल आणि आम्ल आत शिरले की दांडा तारेचा भार पेलत असतानाच तुटू शकतो. शंका असल्यास लाइन बंद करून, अर्थिंग जोडून, छत्रीवर स्वच्छ पाण्याचा बारीक फवारा मारावा: गोल, सुटे थेंब उभे राहिले तर रबर शाबूत आहे, पाण्याचा सलग पापुद्रा पसरला तर त्याने पाणी झटकणे सोडले आहे.