येसराची पुडी आणि वाकळीचे टाके

हातची कला विकायला काढणाऱ्यांचे प्रश्न या वेळी जास्त आले आहेत. त्यांतले चार निवडले आहेत. उत्तरांतले भाव हिशेब समजावण्यापुरते आहेत. तिथे आपल्या बाजारातले भाव घालावेत.

प्रश्न : माझ्या हातच्या येसराची (भाजलेल्या धान्य-डाळी आणि मसाल्यांच्या पिठाची) आमटी भावकीत सगळ्यांना आवडते. लग्नकार्य निघालं की सोयरे चार-पाच किलो येसर माझ्याकडूनच करून नेतात. आता विकायला काढ म्हणतात. किलोला २०० रुपये लावावेत असा विचार आहे. सुरुवात कुठून करू?
– वाचक भगिनी, केज (जि. बीड)

उत्तर : ताई, सुरुवात वजनकाट्यापासून करा. आज तुमचं येसर मुठीवर, वाटीवर आणि नाकावर चालतं. घरच्या पंगतीला ते पुरतं, पण विकत घेणाऱ्याला पोळ्याला नेलेली चव दिवाळीलाही तीच लागते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धणे, जिरे, मिरे, लवंग, दगडफूल, सुंठ, हळकुंड, जे जे घालता ते प्रत्येक तोलून वहीत लिहा. दोन-दोन किलोचे तीन घाणे त्याच मापाने करा आणि तीन वेगळ्या घरांत आमटी करायला द्या. तिन्हींकडून एकच चव आली की तुमचं माप बसलं.

आता २०० रुपयांचं बघू. समजा १० किलो कच्चा माल घेतला. त्यात धान्य-डाळी साडेसात किलो, सरासरी ७० रुपयांनी ५२५ रुपये. मसाले अडीच किलो, सरासरी ३८० रुपयांनी ९५०. गॅस १००, दळणाचे १५०. निवडणं, भाजणं, चाळणं, भरणं मिळून नऊ तास; तासाला ६० रुपये धरले तर ५४०. एकूण २,२६५. भाजताना ओल जाते, गिरणीत पीठ राहतं, चाळणीवर भरड उरते. हाती नऊ किलो आलं, तर पाव किलोच्या ३६ पुड्या होतात. पुडीला ६३ रुपये, वर पिशवी आणि लेबलचे ८, नमुने आणि फुटतूट यांचे ४. म्हणजे पुडी ७५ रुपयांना पडली आणि किलो ३०० रुपयांना. तुम्ही २०० ला विकलंत, तर प्रत्येक किलोमागे शंभराची नोट गिऱ्हाईकाच्या पिशवीत घालून दिली म्हणून समजा. दुकानदार छापील किमतीवर २० टक्के मागत असेल, तर ११० रुपये छापावे लागतील. त्यातले २२ त्याचे, ८८ तुमचे, आणि नफा १३ रुपये. घरातल्या बाईची मजुरी हिशेबात धरायची नाही, ही आपल्याकडची खोड आहे. पुढे मदतीला कुणी ठेवलं की पगार कुठून द्यायचा ते त्यामुळेच कळत नाही.

माल बिघडतो तो बहुधा तीन ठिकाणी. पहिली जागा कढई. डाळ वरून लाल आणि आतून कच्ची राहिली, तर आमटीला कच्चट वास येतो. करपली तर कडवटपणा कशानेच झाकत नाही. म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजा. गार झालेला दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. चिवट लागला तर परत कढईत.

दुसरी जागा गिरणी. आधीच्या गिऱ्हाईकाची मिरची जात्यात बसलेली असते. आधी मूठभर ज्वारी दळून ती बाजूला काढायला सांगा. दळलेलं येसर गरम निघतं. ते तसंच पुडीत भरलं की आतल्या वाफेचं पाणी होतं, गुठळ्या होतात आणि बुरशी धरते. स्वच्छ कापडावर पातळ पसरा आणि हाताला पूर्ण गार लागेपर्यंत पाच-सहा तास थांबा. पावसाळ्यात हे काम उघड्या दारासमोर नको.

तिसरी जागा पुडीचं तोंड. भरताना पीठ कडेला लागतं. त्यावर सीलिंग मशीन दाबलं की कड चिकटल्यासारखी दिसते, पण तिथे केसाएवढी फट राहते. नरसाळ्याने भरा, कड कोरड्या फडक्याने पुसा, चिकटवल्यावर पुडी दाबून हवा निघते का बघा. पिशवी साध्या पातळ प्लॅस्टिकची नको, त्यातून वास उडतो. आतून चंदेरी थर असलेली घ्या. घरच्या मसाल्यात खोबरं घालत असाल, तर विक्रीच्या मालातून ते वगळा. खोबऱ्याच्या तेलामुळे उन्हाळ्यात पुडी खवट होते. मीठही नको, ते ओल ओढतं.

किती दिवस टिकतं हे अंदाजाने छापू नका. प्रत्येक घाण्यातल्या तीन पुड्या बाजूला ठेवा आणि ३०, ६०, ९० दिवसांनी एकेक फोडून वास आणि चव घ्या. जेवढं टिकलं त्याहून थोडं कमीच छापा.

एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आधी करा. छोट्या घरगुती उद्योगासाठी मूलभूत नोंदणी पुरते. अर्ज ऑनलाइन होतो आणि फी वर्षाला १०० रुपये. मिळालेला १४ अंकी क्रमांक पुडीवर छापायचा. सोबत घटक (जास्त वजनाचा आधी), निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि वापराची शेवटची तारीख, नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह. गहू आहे, तेव्हा ग्लुटेनची सूचनाही लागते. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

प्रश्न : आई आणि मी वाकळ (जुन्या कापडांचे थर शिवून केलेली गोधडी) शिवतो. मला टाके घालण्यातच रमायला होतं. पाच बाय सात फुटांच्या वाकळीला लोक १,५०० रुपये देतो म्हणतात. परवडेल का?
– वाचक, तुळजापूर (जि. धाराशिव)

उत्तर : टाके मोजा, उत्तर त्यातच आहे. धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या इंचावर घातल्या, तर ६० इंच रुंदीत १२० ओळी बसतात. प्रत्येक ओळ सात फुटांची, म्हणजे ८४० फूट शिवण. सराईत हाताला एका ओळीला २० मिनिटं धरली, तरी ४० तास झाले. तासाला ५० रुपये लावले की नुसती मजुरी २,००० होते. कापड, दोरा आणि धुलाई वेगळी. १,५०० ला घरातलं घालून द्यावं लागेल.

त्यापेक्षा बाळाची गोधडी बघा. अडीच बाय तीन फुटांत ६० ओळी, १८० फूट शिवण, साधारण साडेआठ तास, मजुरी ४२५ च्या आसपास. बारशाची भेट म्हणून ती ७५० ला मागणारा भेटतो. मोठी वाकळ मात्र फक्त मागणीवर आणि निम्मे पैसे आधी घेऊन करा. ‘आजीच्या साड्यांची वाकळ’ हे काम त्यासाठी उत्तम, कारण तिथे गिऱ्हाईक आठवणीचे पैसे मोजतं आणि घासाघीस करत नाही.

साडी हाती आली की उजेडासमोर धरा आणि दोन्ही हातांनी ताणा. विरलेला भाग तिथेच दिसतो. तो आतल्या थरात घाला, वर नको. नवं सुती कापड दोनदा धुऊनच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वाकळीला सुरकुत्या पडतात. गडद रंगावर ओलं पांढरं फडकं घासून बघा. रंग उतरला तर ते कापड बाळाच्या गोधडीत नको. थर आधी कच्च्या टाक्यांनी मधून कडेकडे टाचून घ्या. कडेपासून शिवत आलात तर मधोमध फुगा येतो आणि तो उसवल्याशिवाय जात नाही. दोरा सुतीच. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो, पण तो जुनं कापड कापू शकतो.

प्रश्न : लग्नांत, कार्यक्रमांत सूत्रसंचालन करतो. बोलायची हौस आहे. दुकानातली नोकरी सोडू का?
– वाचक, परभणी

उत्तर : एवढ्यात नको. मागच्या बारा महिन्यांतल्या सुपाऱ्या महिनावार लिहा. चातुर्मासात रकाने रिकामे दिसतील. अधिक महिना उन्हाळ्यात आला की त्यालाही खिंडार पडतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे. रिकाम्या महिन्यांसाठी शाळांची स्नेहसंमेलनं, गणेश मंडळं, दुकानांची उद्‌घाटनं धरा. तारीख अडवताना निम्मी रक्कम घ्या आणि माईक कोण आणणार हे लेखी ठरवा. भांडणं बहुतेक माईकवरूनच होतात.

प्रश्न : महिन्याला ४० किलो मसाला विकते. कर्ज काढून स्वतःचं दळणयंत्र घेऊ का? अनुदान मिळतं म्हणे.
– वाचक भगिनी, औसा (जि. लातूर)

उत्तर : किलोला १५ रुपये दळणावळ धरली तर महिन्याला ६०० रुपये वाचतील. यंत्र ६०,००० चं असेल तर नुसती किंमत फिटायला १०० महिने, म्हणजे आठ वर्षांहून जास्त. व्याज आणि वीजबिल त्यावर. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलेला ३५ टक्के अनुदान आहे, पण ते हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. तोवर हप्ते भरायचे असतात. विक्री २०० किलोवर गेली की महिन्याला ३,००० वाचतात. तेव्हा हाच हिशेब पुन्हा मांडा. तोपर्यंत गिरणीवाल्याशी आठवड्यातला एक वार ठरवून घ्या, सकाळचं पहिलं दळण तुमचं.