नवीन ट्रस्टी झालात, आता देणग्या मागायला शिका

अभिनंदन दादा, पण ट्रस्टी झालात म्हणजे नुसतं मीटिंगला येऊन चहा पिऊन सह्या ठोकायच्या असं नाही हां. आधी स्वतःचा चेक द्या, पाचशेचा का असेना, कारण समोरचा हमखास विचारतो तुम्ही किती दिलेत. मग मोबाईलमधली नावं काढा, जुने कलीग, सोसायटीतले, व्याही, आणि त्यांना डायरेक्ट पैसे नका मागू, आधी आपल्या ट्रस्टची अभ्यासिका बघायला बोलवा, पोरं वाचत बसलेली बघितली की निम्मं काम होतं. मागताना "काहीतरी मदत करा" नको, आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं, हे गप्प बसणंच जमत नाही बऱ्याच जणांना. रोख शक्यतो नकोच, २००० च्या वर रोख दिली तर देणाऱ्याला आयकरातली ८०जीची सूट मिळत नाही. अमेरिकेतल्या भाच्याने तिकडचा पासपोर्ट घेतला असेल तर परदेशी देणग्यांसाठी लागणाऱ्या एफसीआरए नोंदणीशिवाय त्याची देणगी घ्यायची नाही, भारतीय पासपोर्टवाला एनआरआय असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली चालते. सीएसआर, म्हणजे कंपन्यांकडून समाजकार्यासाठी मिळणारा पैसा, ते नंतर बघू, त्याला सीएसआर-१ फॉर्म वगैरे कागदं लागतात. पावती त्याच आठवड्यात, आणि थँक्यूचा फोन तुम्ही स्वतः करायचा, ऑफिसातल्या पोरीवर ढकलायचा नाही.