आविन्योंच्या पुलावर लोक का नाचतात?

तुमच्या मुलीच्या वर्गाने स्नेहसंमेलनात 'स्यूर ल पों दाविन्यों' हे फ्रेंच बालगीत बसवलंय आणि त्यात काही गूढ अर्थ दडलाय का, असं तुम्ही विचारलंय. मी फ्रेंच शिकवते, दरवर्षी हे गाणं मुलांकडून म्हणून घेते, म्हणून लिहिते.

धृपदाचा अर्थ सरळ आहे: आविन्योंच्या पुलावर आपण नाचतो, सगळे गोल करून नाचतो. पूलही खराच आहे. दक्षिण फ्रान्समधल्या आविन्यों शहरात रोन नदीवर तो बाराव्या शतकात बांधला गेला. बेनेझे नावाच्या मेंढपाळ पोराला देवाची आज्ञा झाली आणि त्याने भलीमोठी शिळा एकट्याने उचलून नेली, अशी आख्यायिका आहे. त्याच्याच नावाने पूल ओळखला जातो. एके काळी त्याच्या २२ कमानी होत्या, लांबी सुमारे ९०० मीटर. रोनच्या पुरांनी कमानी पुन्हा पुन्हा पाडल्या, सतराव्या शतकात डागडुजीचा नाद सोडून दिला. आज ४ कमानी उरल्यात आणि पूल नदीच्या मध्येच संपतो.

आता गंमत बघा, हा पूल जेमतेम चारेक मीटर रुंद. घोडी, गाड्या, माणसं यांच्या वर्दळीत तिथे फेर धरायला जागा कुठून असणार? म्हणून बरेच जण म्हणतात की नाच पुलावर नव्हे, पुलाखाली चालायचा. नदीच्या मधल्या बार्थलास बेटावरून पूल जायचा, तिथे कमानींच्या सावलीत लोक खायला-प्यायला, नाचायला जमत. फ्रेंचमध्ये 'वर' आणि 'खाली' हे शब्द उच्चाराला अगदी जवळचे आहेत. पुरावा म्हणून हे पुरेसं नाही, पण मला पटतं.

गाणं जुनं आहे. सोळाव्या शतकातला संगीतकार प्येर सर्तों याने याच नावाच्या गाण्यावरून चर्चसाठी रचना केली होती, पण ती चाल वेगळी. आजची चाल लोकांच्या तोंडी बसली ती आदोल्फ आदां याच्या १८५३ च्या संगीतिकेनंतर.

माझ्या मते खरा अर्थ कडव्यांत आहे. 'रुबाबदार पुरुष असं करतात', मुलं टोपी उचलतात. 'सुंदर बायका असं करतात', मुली गुडघे वाकवून अभिवादन करतात. पुढे सैनिक, चांभार, कपडे धुणाऱ्या बायका. उमराव आणि धोबीण एकाच फेरात, एकाच चालीवर, आणि प्रत्येकाला एकच कडवं. एवढी बरोबरी त्या काळच्या फ्रान्समध्ये रस्त्यावर दिसत नव्हती, म्हणून हे गाणं मला मोलाचं वाटतं.

बऱ्याच शाळा पहिली दोनच कडवी घेतात आणि नाच नुसता नमस्कारांचा होतो. शिक्षिकेला विचारून कष्टकऱ्यांची कडवी जरूर घालायला लावा. ठरलेली यादी अशी नाहीच, फ्रान्समध्येही मुलं मनाने नवे व्यवसाय घालतात. फक्त कृती मुलांना स्वतः शोधू द्या, आणि प्रत्येक कडव्यानंतर धृपदाला पुन्हा हात धरून गोल फिरायचं.