रिपोर्टमधला आकडा वाढला, पण आईला तर बरं वाटतंय!

प्रश्न : आईला (वय ६२) मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार, निघालाय. सकाळी ठणठणीत असते, पण संध्याकाळी पोळ्या करताना डावी पापणी खाली यायची आणि शेवटच्या दोन-तीन पोळ्यांना लाटणंच चालायचं नाही. औषधं सुरू झाल्यावर बरंच बरंय, पण अँटिबॉडीचा आकडा ९ चा ११ झाला. म्हणजे स्नायूवरचे, नसेचा इशारा पकडणारे रिसेप्टर अजून कमी होतायत का? ते मोजता येत नाहीत का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आधी घाबरणं थांबवा. तो आकडा रिसेप्टरचा नाहीच, रक्तातल्या अँटिबॉडीचा, म्हणजे रिसेप्टरवर हल्ला करणाऱ्या प्रथिनांचा आहे. आणि सगळ्या अँटिबॉडी सारखं नुकसान करत नाहीत, त्यामुळे आकडा मोठा असून त्रास थोडा आणि आकडा छोटा असून त्रास जास्त असे पेशंट नेहमी दिसतात.

खरे रिसेप्टर मोजले गेले १९७३ मध्ये, अमेरिकेत बाल्टिमोरला. फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी पेशंटच्या स्नायूचा तुकडा घेतला आणि मण्यारीच्या जातीतल्या एका सापाचं विष, म्हणजे त्यातलं अल्फा-बंगारोटॉक्सिन, किरणोत्सारी आयोडीन लावून त्यावर सोडलं. हे विष रिसेप्टरला असं चिकटतं की सहजासहजी सुटत नाही, मग किती चिकटलं ते मोजायचं, बस. निरोगी माणसाच्या ११ ते ३० टक्केच रिसेप्टर निघाले! पण त्यासाठी स्नायू कापावा लागतो, म्हणून रोजच्या तपासणीत हे कोणी करत नाही, आणि आईंचंही करायची गरज नाही.

पोळ्यांचं तुम्ही लिहिलंत ते फार नेमकं आहे. नस प्रत्येक इशाऱ्याला ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते, ते रिसेप्टरला लागलं की स्नायू हलतो, आणि लागोपाठ इशारे आले की दर वेळी थोडं कमी सुटतं. आपल्याकडे रिसेप्टर भरपूर शिल्लक असतात म्हणून ते कळत नाही, आईंकडे ती शिल्लकच नाही, म्हणून पहिली पोळी सरसर आणि दहावी जड. नसेला सेकंदाला साधारण तीन झटके देऊन करतात ती आरएनएस (रिपिटेटिव्ह नर्व्ह स्टिम्युलेशन) टेस्ट हेच बघते, स्नायूचा प्रतिसाद १० टक्क्यांहून जास्त घसरला की दोष धरतात.

तेव्हा आकड्यापेक्षा वहीत रोज लिहा : पापणी किती वाजता पडली, कितव्या पोळीला हात थकला. न्यूरॉलॉजिस्टना ती वही रिपोर्टइतकीच कामाची आहे. कुठलंही नवीन औषध, विशेषतः अँटिबायोटिक, त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका, काही अँटिबायोटिकनी हा आजार एकदम बळावतो. आणि गिळताना ठसका लागायला लागला किंवा झोपल्यावर श्वास पुरेना तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच वेळी आयसीयू असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.