'एइता' : नंतर की मग?

प्रश्न असा आला आहे : "प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त (सॉक्रेटिसच्या बचावाच्या भाषणात) एक वाक्य 'एइता' या ग्रीक शब्दाने सुरू होतं. कोशात पहिला अर्थ 'नंतर' असा आहे. पण तिथे क्रमाचा काही संबंधच नाही. मग हे 'नंतर' कशाच्या नंतर?"

तुमच्या शेवटच्या वाक्यातला पहिला शब्द बघा. उत्तर तुम्हीच देऊन बसलात!

'एइता'चं रोजचं काम क्रम दाखवण्याचंच. बायबलमध्ये, मार्कच्या शुभवर्तमानात (4:28) पीक कसं वाढतं ते सांगितलंय : आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. दोन्ही 'मग'च्या जागी 'एइता' आहे. इथे 'नंतर'ही खपून गेलं असतं.

'अपॉलॉजी'त खपत नाही. सॉक्रेटिसवरचा इ.स.पू. 399 चा खटला. सॉक्रेटिस म्हणतो, कुणी मला विचारेल : 'एइत् ऊक् आइस्ख्युने, ओ सोक्रातेस...' म्हणजे, "मग लाज नाही वाटत तुला, सॉक्रेटिस, जिवावर बेतेल असला उद्योग करत बसलास त्याची?" इथे 'नंतर लाज नाही वाटत?' असं भाषांतर केलंत, तर बिचाऱ्याला सावकाश लाजायची मुभा मिळते. हा 'एइता' वेळ सांगत नाही. 'एवढं सगळं असून?' असा टोमणा मारतो. आपला 'मग' हेच करतो, 'नंतर'ला ते जमत नाही.

ग्रीकमध्ये आधीची क्रिया धातुसाधिताने सांगून पुढे 'एइता' घालायचीही लकब आहे. आपलं 'एवढं शिकून मग असं वागतोस?' अगदी त्याच घडणीचं. इंग्रजीतून ग्रीक शिकणाऱ्याला हे समजावून घ्यावं लागतं, मराठी माणसाला घरचंच वाटावं.

'एइता'चा एक भाऊबंदही आहे, 'एपेइता' : 'एपि' अधिक 'एइता', अर्थ तसाच 'मग, नंतर'. बायबलमधल्याच करिंथकरांस पहिल्या पत्रात (15:5-7), पुन्हा उठलेला ख्रिस्त कुणाकुणाला दिसला त्या यादीत, दोन्ही आलटून पालटून येतात : केफा (म्हणजे पेत्र), एइता बारा जण, एपेइता पाचशेहून अधिक, एपेइता याकोब, एइता सगळे प्रेषित. यात काहींना गूढ गटवारी दिसते. मला तरी तो 'मग... नंतर... मग' असा साधा पालट वाटतो.

आणि 'एइटा' लिहू नका. ग्रीक 'ताउ' हे अक्षर आपल्या 'त'सारखं दंत्य. प्लेटो आणि अरिस्टॉटलमधला 'ट' इंग्रजीच्या वाटेने आलाय. तो आता रुळला, त्याला इलाज नाही.