‘आधी संरक्षण, मग सहभाग’ हे मला का पटत नाही

प्रश्न : माझी मुलगी आंतरराष्ट्रीय संबंध शिकते. युद्धात स्त्रियांचं संरक्षण आणि शांतता-चर्चेत त्यांचा सहभाग, या दोन्हींबद्दलच्या संयुक्त राष्ट्र सुरक्षा परिषदेच्या १३२५ क्रमांकाच्या ठरावावरून आमचा वाद झाला. मला वाटतं, युद्ध पेटलेलं असताना बायकांचा जीव आधी वाचवावा. तहाच्या बोलण्यांत त्यांना घेणं वगैरे नंतर बघता येईल. ती म्हणते, हा क्रमच चुकीचा आहे. तुम्ही स्वतः शांतिसेनेत काम केलंय. तुमचं मत काय? – एक वाचक

उत्तर : नमस्कार. मी तुमच्या लेकीच्या बाजूने आहे. का, ते एका पहाटेवरून सांगते.

मी पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात, राजधानी मनरोव्हियात, संयुक्त राष्ट्रांच्या भारतीय महिला पोलीस तुकडीत होते. या तुकडीची पहिली खेप जानेवारी २००७ मध्ये तिथे पोहोचली. संयुक्त राष्ट्रांनी त्याआधी निव्वळ स्त्रियांची अशी तुकडी कुठेच उतरवली नव्हती. आमच्या गस्तीचे रस्ते नकाशावर आखून मिळत : बाजार, कचेऱ्या, मोठे चौक. एकदा ड्यूटी संपता संपता एका हातपंपापाशी गाडी थांबवली. पाण्याचे कॅन रांगेत लावलेले, बायका उकिडव्या बसलेल्या. त्यांतली एक जवळ आली. हेल्मेटखाली चेहरा बाईचाच आहे ना, हे तिने वाकून पाहिलं आणि मगच बोलली. वस्तीतून पंपावर यायची वाट उंच गवतातून होती, बायका तिथून चारच्या सुमाराला अंधारात येत आणि तुमची गाडी तिकडे कधीच फिरकत नाही, असं तिचं म्हणणं. मी ते वहीत टिपून घेतलं. पुढच्या आठवड्यापासून गस्त पावणेचारला त्या वाटेने जाऊ लागली. तोवर आम्ही मन लावून पहारा देत होतो, पण धोका कुठे आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता तहाच्या टेबलाकडे या. तिथे बसतात बहुधा बंदुका असलेले लोक, आणि त्यांना सर्वात आधी हवी असते युद्धातल्या गुन्ह्यांची माफी. १३२५ च्या अकराव्या कलमात म्हटलंय की बलात्कारासारखे गुन्हे ‘शक्य असेल तिथे’ माफीतून वगळावेत. शक्य आहे की नाही, हे ठरवणार कोण? ज्यांच्या माणसांनी ते गुन्हे केले तेच समोर बसलेले असतात. तुम्ही म्हणता तसं ‘नंतर’ बोलवायचं ठरवलं, तर बायका येईपर्यंत सह्या झालेल्या असतात.

लायबेरियाच्या बायकांनी ही वाट पाहिली नाही. जुलै २००३ मध्ये तिथली यादवी थांबवण्यासाठी घानाच्या राजधानीत, अक्रा इथे चाललेली बोलणी रेंगाळली होती आणि मनरोव्हियात तोफगोळे पडत होते. शांततेसाठी बायकांना एकत्र आणणाऱ्या लेमा ग्बोवी आणि त्यांच्या सोबतिणी चर्चेच्या दालनाबाहेर हातात हात अडकवून दारं अडवून बसल्या. पहारेकरी अटक करायला आले, तेव्हा ग्बोवींनी अंगावरचे कपडे काढायची धमकी दिली. आईच्या वयाच्या बाईने असं करणं तिकडे मोठा शाप मानतात. मध्यस्थांना बाहेर येऊन त्यांच्याशी बोलावं लागलं. १८ ऑगस्टला करार झाला. तो एकट्या त्यांच्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर सत्ता सोडून गेले होते, शेजारी देशांचं सैन्य आलं होतं. पण आम्ही तिथे गेलो तेव्हा बाजारातल्या बायका त्या दिवसांबद्दल ज्या अभिमानाने बोलत, तो मी विसरलेले नाही.

आणखी एक दाखला लेकीला जरूर वाचायला सांगा : रुआंडातल्या १९९४ च्या वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणातला अकायेसू खटला. अकायेसू हा रुआंडातल्या ‘ताबा’ नावाच्या भागाचा प्रमुख होता. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखही नव्हता. साक्ष देताना एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर काय झालं ते सांगून गेली. तीन न्यायाधीशांत नवनेथम पिल्लै ही एकच स्त्री होती. त्यांनी खोदून प्रश्न विचारले. १९९७ मध्ये आरोपपत्र बदललं आणि २ सप्टेंबर १९९८ ला बलात्कार हेही वंशसंहाराचं हत्यार ठरू शकतं, असा निकाल एका आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पहिल्यांदा दिला. तो प्रश्न विचारणारं कुणी नसतं, तर ती साक्ष कागदावर राहून गेली असती. संरक्षणाचा कायदा सहभागातून जन्मतो, असं मी म्हणते ते यामुळेच.

तुमच्या काळजीत तथ्य आहे, तेही सांगते. ठराव ३१ ऑक्टोबर २००० ला एकमताने झाला, पण तो न पाळणाऱ्याला शिक्षा नाही. टेबलाशी एखादी बाई नुसती फोटोपुरती बसवली, तर गवतातली वाट तशीच राहते. शिवाय ज्यांनी राखायचं, त्या शांतिसेनेच्या निळ्या हेल्मेटवाल्यांपैकीही काहींनी बायका-मुलांवर अत्याचार केले आहेत. याची मला आजही शरम वाटते. अख्खी तुकडी मायदेशी परत पाठवता यावी असा ठराव, २२७२ क्रमांकाचा, २०१६ मध्ये झाला. म्हणजे संरक्षण करणाऱ्यांवरही नजर ठेवावी लागते, आणि ती वस्तीतल्या बायकांइतकी नीट कुणाला ठेवता येईल?

१३२५ मध्ये अठराच कलमं आहेत. दोघं मिळून एका बैठकीत वाचा आणि अकराव्यापाशी थांबून पुन्हा वाद घाला.